जुना पक्षी-सापळा ओळखायचा कसा, जपायचा कसा: सातारा-सांगलीतल्या नव्या संग्राहकांसाठी

जुनी कुलपं, अडकित्ते, मापं जमवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पक्ष्यांचे सापळे जमवणारे थोडे, त्यामुळे माहिती सांगणारेही थोडेच. परिणाम असा की वाडा पाडताना निघालेली कोंबड्यांची डालगी 'तितराचा सापळा' म्हणून खपते, आणि खरा सापळा भंगारात किलोच्या भावाने जातो. घेतलेल्या वस्तूचे हाल तर विचारू नका: ग्राइंडर फिरवून, काळा ऑइलपेंट मारून ती 'नवी' करून टाकतात.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्या, पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. सापळा पक्षी कसा धरायचा, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. पण तो सापळा पुन्हा पक्षी धरू शकता कामा नये. त्यामुळे खटका नीट शाबूत ठेवायचा, मात्र तो चालता ठेवायचा नाही.

1. आधी कायदा, मग खरेदी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार पक्षी फासात किंवा सापळ्यात धरणं, त्यासाठी आमिष लावणं हे सगळं 'शिकार' या व्याख्येत येतं. तितर, लावा, पोपट, मुनिया यांपैकी काहीही धरायला परवानगी नाही. 'नुसतं चालतं का बघितलं आणि सोडून दिलं' हा बचाव टिकत नाही.

याच कायद्यातल्या 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत जाळी, फासे आणि सापळेही आहेत, आणि अभयारण्यात पूर्वलेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. आपल्या भागात ही अडचण खरीखुरी आहे. पाटणकडे सापळा घेतला आणि येताना कोयना अभयारण्यात फेरी मारायचं ठरलं, किंवा सांगलीहून डिकीत सापळा ठेवून सागरेश्वरला सहल काढली, तर नाक्यावर उत्तर द्यायला तोंड उरत नाही. चांदोली राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू. सापळा आधी घरी ठेवा, मग फिरायला जा.

गुन्ह्यात वापरलेला आणि जप्त झालेला सापळा सरकारी मालमत्ता होतो. म्हणून अलीकडे वापरात असलेला सापळा घेऊच नका. तो ओळखायच्या खुणा अशा: ताजी माती, खटक्याला ताजं तेल, दाणे चिकटलेले, पिसं अडकलेली. अशा वस्तूला पैसे मोजले की समोरचा उद्या दुसरी बनवतो. सापळ्यासोबत भुसा भरलेला पक्षी किंवा पिसांचा गुच्छ 'फुकट' देत असतील, तरी तो तिथेच सोडा.

वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी आणि ऐतिहासिक महत्त्वाची असेल, तर पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, 1972 लक्षात ठेवा. असा पुरावशेष खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून पाठवायचा विचार असेल, तर तो सोडून द्या.

जवळ ठेवायचे कागद:

- विक्रेत्याचं नाव, गाव, तारीख आणि किंमत असलेली साध्या कागदावरची सही केलेली पावती. 'जुनी वस्तू, वापरात नाही' हे शब्द त्यात हवेत.
- घेतल्या दिवशीच्या अवस्थेचे फोटो: चारही बाजू, खटका जवळून, शेजारी पट्टी ठेवून.
- वस्तू कुठल्या घरातून, कुठल्या गावातून निघाली, याची नोंद. वर्षभराने हे कुणालाच आठवत नाही.

2. हा सापळा आहे का, हे आधी बघा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. एकच प्रश्न विचारा: दार कशाने बंद होतं? हाताने बंद करायचं असेल, तर तो पिंजरा. जनावराच्या हालचालीने बंद होत असेल, तरच सापळा.

डालगी म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची घुमटाकार टोपली. तिला तळ नसतो आणि खटकाही नसतो. सापळा म्हणून सर्रास विकली जाणारी वस्तू हीच.

मासे धरायचा बांबूचा सापळा कृष्णा-वारणेच्या काठच्या गावांत निघतो. तो लांबट असतो, आणि तोंडाशी आत वळलेल्या टोकदार कामट्यांचा नरसाळ्यासारखा घेर असतो. आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. पक्ष्यांसाठी म्हणून कुणी देत असेल, तर खालच्या कामट्यांवर पाण्याचे, गाळाचे डाग आहेत का ते बघा.

उंदराच्या पिंजऱ्यात आत वरून लोंबणारा आकडा असतो. उंदीर आमिष ओढतो, म्हणून खटका ओढण्यावर चालतो. पक्षी सहसा ओढत नाही. तो टोचतो, दांडीवर बसतो किंवा पाय ठेवतो. त्यामुळे पक्ष्याच्या सापळ्यात बसायची दांडी, पायाखालची फळी किंवा दाण्याखालची हलकी तबकडी असते. खटक्याची जागा बघून निम्मे प्रश्न सुटतात.

माप हा दुसरा साक्षीदार. तितर साधारण 30 सेंटिमीटर लांब भरतो, लावा 17-18. 'तितराचा' म्हणून दिलेल्या पेटीचा कप्पा आतून 20 सेंटिमीटरच असेल, तर ती लाव्याची असेल, नाहीतर उंदराची.

3. कोणते प्रकार हाती लागतात

फासे: एका दोरीला किंवा बांबूच्या बारीक खुंट्यांना ओळीने बांधलेले सरकफास. जुने फासे घोड्याच्या शेपटीचे दोन-तीन केस एकत्र पिळून केलेले असतात. नंतर नायलॉन आलं. केस की नायलॉन याची खात्री करायची असेल, तर आधीच तुटून पडलेला दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा चिमट्यात धरून ज्योतीला लावा. केस करपतो, जळक्या केसाचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. नायलॉन वितळून कडक मणी होतो. नायलॉनचं व्यापारी उत्पादन 1939 च्या सुमाराला सुरू झालं, त्यामुळे नायलॉनचा फास त्याआधीचा असूच शकत नाही. पण लगेच निकाल देऊ नका. फास झिजतात, बदलले जातात. खुंट्या मात्र त्याच राहतात. वय ठरवायचं ते खुंट्यांवरून: टोकाची झीज, दोरी बांधायच्या खाचेतली गुळगुळीत चमक, हातात धरायच्या भागाचा रंग.

दोन कप्प्यांचा पिंजरा-सापळा: एका कप्प्यात ओरडून बोलावणारा पाळलेला पक्षी, दुसऱ्यात पडणारं दार. मधली जाळी जुनी असणं इथे महत्त्वाचं. षटकोनी छिद्रांची पिळीव तारेची जाळी इंग्लंडमध्ये नॉर्विचला 1844 मध्ये निघाली. तारा एकमेकींवर ठेवून डाग दिलेली चौकोनी जाळी त्यानंतर बऱ्याच काळाने आली. चौकट सागवानी, खिळे चौकोनी घडीव आणि जाळी मात्र डाग दिलेली असेल, तर जाळी नंतर बसवलेली आहे. त्याने वस्तू खोटी ठरत नाही, पण किंमत त्याच हिशोबाने द्या.

झाकणारी जाळी: धनुष्यासारखी वाकवलेली कामटी किंवा तारेचं अर्धवर्तुळ, त्यावर सुती वा तागाची जाळी. हाताने विणलेल्या जाळीत प्रत्येक गाठ किंचित वेगळी दिसते आणि छिद्रं सारखी नसतात. सगळी छिद्रं अगदी एकसारखी दिसली, तर यंत्राची जाळी समजा.

लोखंडी जबड्याचा सापळा: हा मूळचा विलायती. खांबाच्या टोकावर बसवायचा, गोल जबड्यांचा. शिकारी पक्षी खांबावर उतरला की तबकडी दबते आणि जबडे पायावर मिटतात. इंग्लंडमधलं वेडन्सफील्ड हे गाव अशा सापळ्यांसाठी नावाजलेलं होतं, 'एच. लेन', 'साइडबॉटम' हे ठसे तिथलेच. खांबावरचा हा सापळा ब्रिटनने 1904 मध्ये कायद्याने बंद केला. चौकोनी जबड्यांचा आणि लांब पट्टीच्या स्प्रिंगचा असेल, तर तो सशाचा किंवा उंदराचा. पक्ष्याचा म्हणून जादा पैसे मोजू नका. महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या बंगल्यांतलं सामान विकायला निघतं, तेव्हा असे नग विचारून ठेवावेत.

4. जुनं की जुनं केलेलं

भिंग आणि विजेरी सोबत ठेवा. बघायच्या जागा:

- सांध्यात वेल्डिंगचा मणी दिसतो का? घडीव सापळ्यात रिबीट असतो किंवा लोहाराने ठोकून केलेला जोड. वेल्डिंग म्हणजे नंतरची दुरुस्ती, नाहीतर सरळ नवा माल.
- स्क्रूच्या डोक्यावर फुलीची खाच आहे का? ती 1930 च्या दशकात आली. जुन्या स्क्रूला एकच सरळ खाच असते, आणि बऱ्याचदा ती अगदी मध्यावर नसते.
- गंज कुठे आहे? खरा गंज सांध्यात, रिबिटाखाली, पट्टीच्या खालच्या अंगाला खोल असतो, आणि हाताने धरायच्या जागी कमी. ॲसिडने आणलेला गंज सगळीकडे सारखा नारिंगी असतो, बोटाला लगेच लागतो.
- झीज हालचालीच्या जागी आहे का? खिट्टी जिथे अडकते तो कोपरा गोलसर झालेला हवा. बाकी सगळा सापळा थकलेला आणि खिट्टीचा कोपरा मात्र धारदार असेल, तर काहीतरी गडबड आहे.

जुन्या घडीव लोखंडाला खोल गंज चढला की त्यावर लाकडाच्या रेषांसारखे उभे तंतू दिसतात; पोलादी पत्र्यावर तसं होत नाही. डोळा तयार व्हायला साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली शस्त्रं आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या घरगुती वस्तू बघून या. सापळे तिथे शोधू नका. रिबीट, बिजागरी, कानशीचे ओरखडे बघा.

5. घरी आणल्यावर सगळ्यात आधी

लोखंडी सापळ्याची स्प्रिंग ताणलेली असू शकते, आणि गंजाने अडकलेली खिट्टी साफ करताना सुटते. बोट तबकडीजवळ न्यायच्या आधी जाड काठीने तबकडी दाबून सापळा मिटवून टाका. मग पट्टीच्या स्प्रिंगवर सी-क्लॅम्प लावून ती दाबून धरा, आणि त्यानंतरच जबडे हलवा. कातडी हातमोजे आणि चष्मा घाला. लहान मुलं असलेल्या घरात हे काम दार लावून करा.

मग फोटो, मापं, वजन. प्रत्येक सुटा भाग वेगळ्या पाकिटात ठेवून त्यावर पेन्सिलने नोंद करा. खटक्याचं चित्र काढा: कुठला भाग कशात अडकतो, कुठून सुटतो. चित्र काढता आलं नाही, तर खटका अजून कळलेला नाही. कळेपर्यंत एकही भाग सुटा करू नका.

लागणारं सामान: मऊ रंगाचा ब्रश, पितळी तारेचा ब्रश, 0000 नंबरचं स्टील वूल, बांबूच्या टोकदार काड्या, गंज सैल करायचं तेल, डिस्टिल्ड वॉटर, स्पिरिट, टॅनिक ॲसिड, मेण, टर्पेंटाइन, सरस (जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक), सिलिका जेल, सुती दोरा.

6. लोखंड

आधी कोरडं काम. माती, जाळं, जुनं ग्रीस ब्रशने आणि बांबूच्या काडीने काढा. जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं आणि त्याची धूळ श्वासातून जाते. ओलं करून, तोंडाला चांगला मास्क लावून, तेही गरज असेल तरच. ठसा असलेल्या जागेवर पितळी ब्रशसुद्धा जपून.

सांधे अडकले असतील तर तेलाचे थेंब टाकून एक-दोन दिवस थांबा. हातोडी नको. जुना रिबीट तुटला की तसाच परत बसत नाही.

खूप गंजलेल्या साध्या भागांना विजेची पद्धत चालते. प्लास्टिकच्या बादलीत लिटरला 10 ते 15 ग्रॅम धुण्याचा सोडा, सापळ्याचा भाग ऋण टोकाला, साध्या लोखंडी पत्र्याचा तुकडा धन टोकाला, 12 व्होल्ट. चार-सहा तासांत गंज सैल होतो. तीन ठिकाणी लोक चुकतात. स्टेनलेस स्टीलचा तुकडा वापरला तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं, म्हणून साधंच लोखंड घ्या. यातून हायड्रोजन निघतो, म्हणून बंद खोलीत नको आणि जवळ बिडी-काडी नको. आणि हल्लीचे बरेचसे चार्जर समोर बॅटरी नसली की चालूच होत नाहीत. साधा पॉवर सप्लाय लागतो.

स्प्रिंगला मात्र ही पद्धत नाही, व्हिनेगर किंवा ॲसिडही नाही. कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं आणि दाब आल्यावर काडकन तुटतं. स्प्रिंग हातानेच, स्टील वूल आणि तेलाने साफ करा. वेळ जातो, जाऊ द्या.

उरलेला घट्ट, काळपट गंज खरवडायची गरज नाही. तो टॅनिक ॲसिडने स्थिर होतो. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये 50 ग्रॅम टॅनिक ॲसिड आणि थोडं स्पिरिट घालून ब्रशने पातळ हात द्या, वाळू द्या, पुन्हा द्या. दोन-तीन हातांत नारिंगी गंज निळसर काळा होतो. आपल्याकडे जावळी-महाबळेश्वरच्या जंगलातला हिरडा याच टॅनिनसाठी ओळखला जातो, आणि हिरड्याच्या काढ्यानेही लोखंड काळं होतं. तरी वस्तूवर तो वापरू नका: काढ्यात टॅनिनखेरीज बरंच काही असतं, आणि ते पावसाळ्यात चिकट होऊन ओल धरतं.

शेवटी मेण. महाबळेश्वर तालुक्यातल्या मधपाळांकडे चांगलं मेण मिळतं. मायक्रोक्रिस्टलाइन मेण मिळालं तर त्याहून बरं. एक भाग मेण, तीन भाग टर्पेंटाइन. हे गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून विरघळवा, गॅस बंद करूनच. टर्पेंटाइन भडकतं, त्यामुळे थेट आचेवर कधीच नाही. लोखंड हेअर ड्रायरने कोमट करून मेण चोळा, थंड झाल्यावर सुती फडक्याने पुसा. वर व्हार्निश, काळा रंग, सिल्व्हर पेंट यांतलं काहीही नको.

7. लाकूड, बांबू, केस, जाळी

पिंजऱ्याखाली पिवळसर बारीक भुसा पडत असेल, तर किडा जिवंत आहे. रॉकेल ओतायचा मोह टाळा. लाकूड डागाळतं आणि आतला किडा वाचतो. छोटी वस्तू जाड प्लास्टिकमध्ये हवा काढून घट्ट बांधा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे 18-20 अंशांना दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर थंड लाकडावर पाणी सुटतं.

लाकडाला आधीपासून पॉलिश होतं का, हे झाकल्या कोपऱ्यात स्पिरिटचा कापूस टेकवून कळतं. कापूस तपकिरी आणि चिकट झाला, तर चपडा लाखेचं पॉलिश आहे. अशा वेळी मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांकडे विचारा. चपड्याचे पातळ हात देणं हे त्यांचं रोजचं काम आहे. मूळ लाकूड कोरडंच असेल तर ते कोरडंच राहू द्या. शेतातल्या सापळ्याला सतारीची झळाळी शोभत नाही.

तुटकी कामटी बदलायची असेल, तर बुरुडाकडून त्याच जाडीची, चांगली वाळलेली कामटी घ्या. जोड तिरका कापा, म्हणजे चिकटायला जागा जास्त मिळते. चिकटवायला सरस वापरा: रात्रभर पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या भांड्यात 60 अंशांच्या आसपास वितळवा. उकळला की त्याची पकड जाते. अराल्डाइट आणि फेव्हिकॉल लवकर होतात, पण पुढच्या माणसाला जोड सोडवायचा झाला तर कामटीच फाटते. सरस कोमट ओलाव्याने सुटतो. नव्या कामटीच्या आतल्या अंगाला तारीख लिहा.

केसांचे फास तुटले असतील तर तसेच राहू द्या. दाखवण्यापुरता एखादा पुरा करायचाच असेल, तर व्हायोलिनच्या गजाला लागणारे घोड्याचे केस घ्या आणि गाठीला रंगीत दोरा बांधा, म्हणजे नवा कुठला ते लपत नाही. जुनी सुती जाळी धुवू नका. ओली झाली की स्वतःच्याच वजनाने तुटते. पांढऱ्या कागदावर पसरा आणि मऊ ब्रशने धूळ झटका.

8. निकामी करणं, लेबल, साठवण

लोखंडी सापळ्यात तबकडीखाली कोरलेला लाकडी ठोकळा बसवा. पिंजरा-सापळ्यात दाराला सुती दोऱ्याने बांधा. फासांची ओळ पुठ्ठ्यावर शिवून ठेवा. खिट्टी कापणं, स्प्रिंग तोडणं, वेल्डिंग करून जाम करणं नको. वस्तूतलं पाहण्यासारखं तेवढंच असतं.

लेबलवर प्रकार, साहित्य, मापं, मिळाल्याचं गाव आणि दुरुस्ती लिहा. फाशांच्या लेबलवर फासेपारध्यांचा उल्लेख येईल, तो जपून करा. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने पारध्यांसारख्या अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. तो 1952 मध्ये कायद्याने काढला, लोकांच्या बोलण्यातून अजून निघालेला नाही. 'चोरट्या शिकाऱ्यांचं हत्यार' असं लिहिलेली लेबलं दिसतात. 'केसांचे फासे, हाताने पिळलेले' एवढं पुरतं. कुणी केले ते खात्रीने माहीत असेल तरच जमातीचं नाव लिहा.

साठवण गावाप्रमाणे बदलते. जत-आटपाडी-माणमध्ये कोरड्या हवेने बांबू चिरतो; तिथे पत्र्याच्या छपराखालची खोली टाळा आणि उन्हाची तिरीप वस्तूवर पडू देऊ नका. पाटण-महाबळेश्वरकडे उलट: पावसाळ्यात लोखंड आठवड्यात गंज धरतं. तिथे झाकणाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेलचा रंग बदलला की तवा-ओव्हनमध्ये वाळवून परत घाला. डब्यात छोटा आर्द्रतामापक टाका. काटा 50 टक्क्यांच्या खाली असला की लोखंडाला सहसा धोका नाही. बांबू-लाकडाची वस्तू मात्र लोखंडाच्या डब्यात कोंबू नका, तिला 50 ते 60 च्या मध्ये ठेवलेलं बरं. लोखंड आणि लाकूड दोन्ही असलेल्या पिंजऱ्याला 50 च्या आसपास धरा आणि लोखंडावर मेणाचा हात वर्षातून एकदा, मृगाच्या आधी द्या.

ओला कडुलिंबाचा पाला डब्यात टाकायची घरोघरी सवय आहे. त्याने डब्यात दमटपणा येतो. टाकायचाच तर पूर्ण वाळवून, कापडी पुरचुंडीत. वर्तमानपत्रात गुंडाळणंही बंद करा, त्यातलं आम्ल लोखंडाला आणि सुताला दोघांना लागतं. जुनी धुतलेली सुती साडी किंवा धोतर सगळ्यात चांगलं.

विकायची किंवा कुणाला द्यायची वेळ आली, तर पावती, पहिल्या दिवसाचे फोटो आणि दुरुस्तीच्या नोंदी वस्तूसोबतच द्या, आणि तबकडीखालचा ठोकळा काढू नका. घेणारा 'चालवून दाखवा' म्हणाला, तर त्याला विकू नका.